हात सरावला की गाणं बिघडतं का?

बिनचालीचा
मी सांगलीचा. गाणी लिहितो. नाव सांगून कुणाला ओळख पटायची नाही, पण जत्रेत, मांडवात नाहीतर गणपतीत माझं एखादं गाणं तुमच्या कानावर आदळलं असणार. कॅसेटच्या जमान्यात सुरुवात झाली. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार, विषय देवी नाहीतर लग्न. मग सीड्या आल्या, पेन ड्राइव्ह आले, आता यूट्यूब. मानधन तेवढं अजून कॅसेटच्याच जमान्यात आहे.

सध्या एक हळदीचं गाणं हातात आहे. चाल तयार, संगीतकाराचा रोज फोन. आणि कागदावर हे उतरलं:

पिवळी हळद, नवरी कोवळी
मांडवाच्या दारी उभी गं सावळी

हे मी लिहिलेलं नाही, हे आपोआप आलं. पिवळी म्हटलं की कोवळी येते, कोवळीच्या मागं सावळी, सावळीच्या मागं करवली. बसल्या बैठकीला बारा कडवी पाडीन. संगीतकार खूश, गायिका खूश, निर्माता तर म्हणतो, "असंच पाहिजे." मीच तेवढा खूश नाही. सुचत नाही ही माझी तक्रारच नव्हे. सुचतं भरपूर, आणि सगळं आधी लिहिलेलं.

ज्यांनी तीस-चाळीस वर्षं गाणी लिहिली त्यांनी हे कसं निभावलं असेल? लिहिणारे, गाणारे, वाजवणारे, नुसते ऐकणारे, सगळ्यांनी बोला.

शेरीनाला
निर्माता असंच पाहिजे म्हणतोय आणि तुम्ही रडताय? आमच्या साहेबांनी आम्हाला आयुष्यात एकदा "असंच पाहिजे" म्हणावं म्हणून नवस बोललोय.

मास्तर_निवृत्त
उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. गदिमा. जन्म शेटफळ्याचा, गाव माडगूळ, दोन्ही आटपाडी तालुक्यात. गीतरामायण पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला सुरू झालं आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चाललं. छप्पन्न गीतं, दर आठवड्याला नवं. एकीकडं चित्रपटांच्या कथा-पटकथा चालू, गाणी चालू, आणि इकडं आठवडा संपला की सुधीर फडक्यांच्या हातात पुढचं गीत पडलंच पाहिजे. "आज सुचत नाही" म्हणायची सोयच नव्हती. माझं सरळ मत आहे, तारीख गळ्यात बांधून घ्या. मूड बिड सगळी थेरं आहेत.

बिनचालीचा
मास्तर, तारखांचा तोटा नाही ओ. नवरात्राच्या आधी देवीची आठ, तुळशीच्या लग्नानंतर हळदीची चार, निवडणूक लागली की उमेदवाराची दोन (आणि विरोधी उमेदवाराची दोन, तेवढं मनात ठेवा). तारखेनं गाणं लिहून होतं. ते नवं निघत नाही.

वारणाकाठ
विरोधी उमेदवाराच्या गाण्यातही नवरी कोवळीच का?

बिनचालीचा
उमेदवार ढाण्या वाघ असतो, दोन्हीकडचा.

काळी_दोन
मी पेटी वाजवतो, बिनचालीचा यांना ओळखत नाही, पण त्यांची चार-दोन गाणी नक्की वाजवली असणार.

मास्तरांचा मुद्दा मला अर्धाच पटतो. गदिमांना तारीख होती हे खरं. पण दर आठवड्याला गाणारा माणूस बदलत होता हे विसरू नका. एकदा कुश-लव, एकदा दशरथ, एकदा कौसल्या, एकदा शूर्पणखा, एकदा हनुमान. छप्पन्न गीतं जर निवेदकाच्याच तोंडी टाकली असती तर दहाव्या आठवड्याला खुद्द गदिमांचाही पिवळी-कोवळी झाला असता. प्रत्येक तोंडाची भाषा वेगळी, राग वेगळा, तक्रार वेगळी.

आता तुमचं गाणं घ्या. "मांडवाच्या दारी उभी गं सावळी." हे कोण म्हणतंय? नवरी नाही, नवऱ्याची आई नाही, करवलीही नाही. हळदीच्या गाण्यात कोण गातंय हेच कुणाला माहीत नसतं. म्हणून तेच ते येतं.

जात्यावरची
काळी_दोन, शंभर टक्के. पण एक भर घालते, आणि थोडा विरोधही.

माझी आजी वाळवा तालुक्यातली. तिला येत असलेल्या ओव्यांपैकी निम्म्यांची पहिली ओळ शेजारच्या गावातल्या बाईच्या ओवीतही असायची. "पयली माझी ओवी" इथून सुरू करायचं, किंवा "सासुरवाशीण" आणायची, "बंधू" आणायचा, हे सगळं ठरलेलं. तुम्ही ज्याला आपोआप आलेलं म्हणता, तेच. मग तिचं स्वतःचं काय? तिचं स्वतःचं दुसऱ्या ओळीत. पहिली ओळ सगळ्यांची, तिच्यात तालाला हात लागतो, तेवढ्यात मनात दुसरी जुळते. दळण पायलीभर असेल तर ओव्याही तेवढ्या लागतात, थांबून चालत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा ओव्या गोळा करून घेतल्या, त्यांची संख्या लाखाच्या पुढं गेली. त्यातल्या एकाही बाईला कुणी गीतकार म्हटलं नाही, आणि सुचत नाही म्हणून एकीनंही जातं थांबवलं नाही.

तेव्हा पिवळी-कोवळी फेकून देऊ नका. तिला पहिल्या ओळीत राहू द्या. दुसऱ्या ओळीत तुमचं काय आहे ते बघा.

शेरीनाला
संख्येवरून आठवलं. रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांच्या नावावर दोन लाख लावण्या सांगतात. जन्म १८६६, निधन १९४५. मी कॅल्क्युलेटर काढला. पाळण्यात पडल्या दिवसापासून रोज सातच्या आसपास. बिनचालीचा, तुमचं बारा कडव्यांचं कौतुक राहू द्या.

ढोलकीवाला
हसू नका, त्यात एक गोष्ट आहे. मी तमाशात ढोलकी वाजवलीय, काळू-बाळूंच्या कवलापूरकडचा आहे. फडात 'नवीन लावणी' म्हणजे काय ते बाहेरच्याला कळत नाही. मूळ लावणी एकच असती. या गावात पाटलाचं नाव घालायचं, त्या गावात नदीचं, दौलतजादा करणारा तालेवार दिसला की त्याच्या फेट्याचा रंग घालायचा. झाली नवीन. तसं मोजलं तर दोन लाखच काय, चार लाख होतील.

आणि आता खरं बोलतो, राग मानू नका. लोकांना जुनंच पाहिजे असतं. हळदीच्या मांडवात आत्या-मावश्या नाचायला उभ्या राहिल्यात, त्यांना पिवळी-कोवळीच लागती, कारण पुढचा शब्द त्यांना आधीच ठाऊक असतो. म्हणून तर त्या गातात. नवं पाहिजे ही लिहिणाऱ्याची हौस. ती त्यानं वहीत भागवावी.

बिनचालीचा
ढोलकीवाले, राग नाही. पण वहीतली हौस पुरी झाली असती तर धागा काढला नसता.

वाघ्याघेवडा
कोरेगाव, जि. सातारा. सांगलीकरांच्या धाग्यात घुसतोय, गोड मानून घ्या.

शेतकरी माणूस आहे, त्यामुळं शेतातलंच सांगतो. तुमच्याकडं नदीकाठी वर्षानुवर्षं उसावर ऊस घेतला, पाटाचं पाणी सोडत राहिले, आणि चांगल्या चांगल्या काळ्या जमिनी खारवटल्या. वर मिठाचा पांढरा थर. जमीन मेली नव्हती, तिला दुसरं पीक आणि निचरा पाहिजे होता. तुमचं तेच झालंय. एक वर्ष गाणी बंद करा. कथा लिहा, नाटुकलं लिहा, भजनाला बसा, काहीही.

बिनचालीचा
दादा, ऊस बंद केला तर कारखाना उचल देत नाही, आणि गाणी बंद केली तर किराणावाला.

मास्तर_निवृत्त
म्हणून म्हणतो नोकरी पाहिजे. जगदीश खेबुडकर शिक्षक होते. शाळा सांभाळून अडीच हजारांच्या वर चित्रपटगीतं लिहिली. अभंगाच्या वळणाचं पाहिजे, अभंग. फडातली लावणी पाहिजे, लावणी. पोटाची काळजी गाण्यावर नव्हती.

वारणाकाठ
खेबुडकर कोल्हापूरचे. धागा सांगली-साताऱ्याचा.

मास्तर_निवृत्त
बरं. मग येडेनिपाणीचे पी. सावळाराम घ्या, वाळवा तालुका, खात्री करून घ्या. ते तर ठाण्याचे नगराध्यक्ष झाले होते.

शेरीनाला
गीतकार नगराध्यक्ष! आमच्या वॉर्डात नगरसेवकाला अर्ज लिहायला माणूस लागतो.

काळी_दोन
सावळारामांवरून मूळ प्रश्नाचं एक उत्तर निघतं. त्यांची गाणी म्हटली की वसंत प्रभूंची चाल आणि लताबाईंचा आवाज सोबत येतातच. एकट्यानं लांबचा पल्ला मारणारे गीतकार मला फार दिसत नाहीत. गदिमांना फडके होते. समोर बसून "हे नाही जमलं, दुसरं दे" म्हणणारा, आणि ज्याच्यावर आपण चिडत नाही असा माणूस लागतो. बिनचालीचा, तुमच्या संगीतकारानं तुम्हाला शेवटचं "नाही जमलं" कधी म्हटलं होतं?

बिनचालीचा
आता तो ट्रॅक पाठवतो, मी शब्द पाठवतो, तो अंगठा पाठवतो. समोरासमोर चहासुद्धा होत नाही. पूर्वी मिरजेत एका तंतुवाद्यवाल्याच्या दुकानामागं बसायचो आम्ही. पुढं तुंब्यावर रंधा चाललाय, आत आमचं मुखड्यावरून भांडण. एका अंतऱ्यासाठी एक म्हातारा कारागीर उठून आला आणि म्हणाला, "ये लफ्ज गलेमें अटकताय." बदलला. गाणं चाललं.

मुंबईस्थित_मिरजकर
हे वाचून बरं वाटलं. आता मिरज सोडून जरा लांब जातो. मजरूह सुलतानपुरी. १९४६ च्या 'शाहजहाँ'मध्ये सैगलसाठी लिहिलं, आणि १९८८ ला 'कयामत से कयामत तक'मध्ये आमिर खानसाठी. मधे बेचाळीस वर्षं. सत्तरीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस कॉलेज सोडणाऱ्या पोराच्या तोंडी शब्द घालतो आणि ते पोराचेच वाटतात. १९९३ चा फाळके पुरस्कार मिळाला, गीतकाराला पहिल्यांदाच. मूळचे गझलचे शायर. मला वाटतं, गझल त्यांनी स्वतःची ठेवली आणि गाण्यात दुसऱ्याच्या वयाचं होऊन लिहिलं. काळी_दोन म्हणतात ते "कोण गातंय", तेच की.

उलट टोकाला लेनर्ड कोहेन. 'हॅलेलुया' १९८४ ला आलं, पण त्यावर तो कित्येक वर्षं बसला होता, डझनावारी कडवी लिहून टाकून दिली म्हणतात. त्यामुळं वेग हा मुद्दाच नाही.

शेरीनाला
कोहेनला संगीतकाराचा रोज फोन येत नसावा.

ढोलकीवाला
आणि त्याच्याकडं तुळशीच्या लग्नानंतरचा सीझनही नसावा.

जात्यावरची
पैशाचं निघालंच आहे तर विचारते. बिनचालीचा, तुमची जुनी गाणी अजून वाजतात, त्यांचं काही येतं का? मी वाचलंय की २०१२ ला कॉपीराइट कायदा बदलला आणि गीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा आता सोडून देता येत नाही, करारात लिहून घेतलं तरी. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले होते.

बिनचालीचा
ताई, माझी कॅसेटची गाणी त्याच्या कितीतरी आधीची. एका कॅसेट कंपनीनं एका पानाच्या कागदावर सही घेतली, रोख पैसे दिले, वर एक मिक्सर दिला. मिक्सर चांगला होता. नव्या गाण्यांचं बघायला पाहिजे, आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था) सदस्य व्हा असं पुण्याचा एक गायक कधीचा मागं लागलाय.

काळी_दोन
आजच व्हा. जुन्या गाण्याचे चार पैसे येत राहिले तर वाघ्याघेवडा म्हणतात तसं एखादं वर्ष मोकळं सोडता येतं. सुचण्याचा आणि पैशाचा संबंध नाही असं म्हणणाऱ्यांचं पोट भरलेलं असतं.

वाघ्याघेवडा
+१. आणि सदस्य झालात की पेढे. साताऱ्याचे कंदी.

वारणाकाठ
भडंग चालेल का? (सांगली बाणा.)

हरिपूरचा_पार
उशिरा आलो. सगळं वाचलं. गीतकारांवर एवढं झालं, हळदीवर कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितोय.

मी हरिपूरचा. आमच्या गावात हळदीची पेवं होती, आता मोजकी उरलीत. २००५ च्या पुरात पाणी शिरलं, पुष्कळ पेवं बसली, आणि आता माल गोदामात नि शीतगृहात जातो. पेव म्हणजे जमिनीत खोल खड्डा, तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं. आतून पाचट, चटया. हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून बंद. आत हवा नाही, त्यामुळं कीड नाही. वर्षानुवर्षं माल राहायचा. आमची माती तशी घट्ट, पाझरत नाही.

पेव फोडलं की लगेच उतरायचं नाही. आत श्वासाला हवा नसते, माणूस जातो. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला की वर ओढायचा, आणखी थांबायचं. जळत राहिला तरच हमाल उतरणार. वर आला की पापण्यांपर्यंत पिवळा. धुतलं तरी आठवडाभर जात नाही. आमच्या लहानपणी आम्ही त्यांना "नवरदेव" म्हणून चिडवायचो.

बिनचालीचा, तुम्ही सांगलीत राहून हळदीची एवढी गाणी लिहिलीत. कधी पेवाच्या तोंडाशी उभे राहिलात? मार्केट यार्डात सौदा बघितला? हळद शिजवतात तेव्हा शिवारात जो वास सुटतो तो कुठल्या गाण्यात आहे? गोविंद बल्लाळ देवल आमच्याच गावचे. १८९९ ला 'संगीत शारदा' आणलं, विषय लग्नाचाच, पण म्हाताऱ्याशी लग्न लावून देताहेत त्या मुलीचं. पलीकडं संगमाचा पार आहे, या एकदा.

मास्तर_निवृत्त
उत्तम प्रतिसाद. वहीत उतरवून घेतला.

शेरीनाला
मी पण हमालांना नवरदेव म्हणून चिडवलंय. आज जरा कसंतरी झालं.

बिनचालीचा
हरिपूरला जाऊन आलो. पार यांनी एक जुनं पेव दाखवलं आणि ज्यांनी पेवात काम केलंय अशा एका आजोबांशी गाठ घालून दिली. जास्त बोलत नाहीत. "हळदीचं काय, अंगाला लागती," एवढंच. मुलीच्या लग्नाचं विचारलं तर म्हणाले, मुकादमानं ओंजळभर दिली होती, विकत घ्यावी लागली नाही.

मुखडा असा झालाय. आधीचा फाडला नाही, जात्यावरची ताईंनी सांगितल्याप्रमाणं पहिलं कडवं तेच ठेवलंय. त्याच्या खाली:

आधी सोडला कंदील खाली, मग उतरला बाप गं
लेकीपुरतं घेऊन आला ओंजळीनं माप गं

जात्यावरची
दुसरी ओळ आली.

काळी_दोन
आली खरी, पण चालीत बसत नाही. तुमच्या ट्रॅकवर "पिवळी हळद" हे ठेक्याला धरून आहे, आणि "आधी सोडला कंदील खाली" लांब जातं. पेटीवर म्हणून बघितलं. एकतर "आधी" काढा, नाहीतर चाल बदलून घ्या. माझ्या मते चाल बदला. "आधी" काढलं तर थांबणं जातं, आणि सगळी गंमत त्या थांबण्यातच आहे.

ढोलकीवाला
मांडवात बाप खड्ड्यात उतरवताय? नाचणाऱ्या मावश्यांचं काय करायचं?

तरी पण एक सांगतो. ही ओळ डफावर नको, नुसत्या संबळावर घ्या. आणि "बाप गं" नंतर एक आवर्तन रिकामं सोडा. मावश्या थांबतील तेवढ्या.

हरिपूरचा_पार
एकच दुरुस्ती. शेतकरी बाप पेवात उतरत नाही, हमाल उतरतो. लोकांना वाटेल शेतकऱ्याचंच पेव आहे. पुढच्या कडव्यात तो हमाल आहे हे आलं पाहिजे, नाहीतर ओंजळीचा अर्थ लागत नाही. ज्याचं पेव त्यानं पोतं आणलं असतं.

बिनचालीचा
बरोबर. तेच कडवं अडकलंय. "पाठीवर पोती" आलं की "हिरे-मोती" आपोआप येतंय, ते हाकलतोय.

संगीतकाराला वाचून दाखवलं, फोनवर नाही, घरी जाऊन. पहिल्यांदा काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "निर्मात्याला काय सांगू? यात डीजेला जागा कुठाय?" अजून भांडण चालू आहे. चाल मात्र तो बदलून देणार आहे.

वारणाकाठ
निर्मात्याला पिवळी-कोवळीवाली डीजेसाठी द्या, ही दुसरी वेगळी करा. दोन्हीचे पैसे घ्या. विरोधी उमेदवाराचा अनुभव आहेच.

मुंबईस्थित_मिरजकर
आणि दोन्ही आयपीआरएसला नोंदवा.

जात्यावरची
रेकॉर्डिंग करताना पट्टी फार वर नेऊ नका. हल्ली गायिकेचा गळा दाखवायला म्हणून चढवतात आणि मग घरच्या बायकांना म्हणताच येत नाही. काळी चारच्या वर नको. आणि कोरसला स्टुडिओतल्या मुली नकोत, मी आमच्या गल्लीतल्या पाचजणी घेऊन येते. तारीख तेवढी आधी कळवा, रविवारी दोघींची भिशी असते.